पुरात गेलं म्हणायची सोय

मे महिन्याचा शेवटचा आठवडा लागला की आमच्या गल्लीतलं सामान जिने चढू लागतं. कालपर्यंत पंख्याखाली बसून आंबे चोखणारी माणसं एका सकाळी उठतात आणि तांदळाचे डबे, गाद्या, शिलाई मशीन, देव, दप्तरं असं सगळं वर न्यायला लागतात. कुणी कुणाला सांगत नाही. आकाश कोरं असतं. पण एका घरात पलंग सरकवल्याचा आवाज झाला की शेजारच्या घराला जाग येते, आणि दोन दिवसांत सगळी गल्ली जिन्यात उभी असते. ज्यांना वरचा मजला नाही ते ज्यांना आहे त्यांच्याकडे बोचकी आणून ठेवतात. "पावसाळ्यापुरतं ठेवा हं," एवढंच म्हणायचं. पावती नाही, यादी नाही. दुसऱ्याच्या बोचक्याची गाठ सोडायची नाही, हा एकच नियम. तो कुठे लिहिलेला नाही. महाडात लिहिलेलं टिकतंच असं नाही.

यंदा मी हे सगळं खिडकीत बसून पाहते आहे. गुडघे जिना मोजून चढतात, आणि वर न्यायला खाली फारसं काही उरलेलंही नाही. गेली दोन वर्षं मी घर कमी करते आहे. "आवरते आहे" असं म्हणत नाही, कारण आवरलेलं घर पुन्हा पसरतं. कमी केलेलं घर कमीच राहतं. निदान माझा असा समज होता.

ही कल्पना माझ्या मुलीची, अनघाची. ती पुण्याला असते आणि मोबाइलवर परदेशी बायकांची कपाटं बघते. हे गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती आंबेनळी घाटाच्या वळणांवर दोनदा गाडी थांबवून, पोट सांभाळत इथवर आली आणि चहा व्हायच्या आत म्हणाली, "आई, रोज एक वस्तू काढायची. हातात घ्यायची आणि विचारायचं, ही आपल्याला आनंद देते का?"

"कुणाला विचारायचं? वस्तूला?"

"स्वतःला गं."

दुसऱ्या दिवशी मी पिठाची चाळणी हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहिले. चाळणीनं मला आनंद दिला नाही. दुःखही दिलं नाही. पीठ मात्र तीच चाळून देत होती, म्हणून तिला परत खिळ्याला अडकवलं. पण कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती. आपल्या पश्चात मुलीनं आपली कपाटं उपसत बसू नये, असं या वयात वाटतंच. हे वाटणं दिसायला उदार असतं. आत थोडी भीती असते, कपाटात तिला आपण कसे सापडू याची.

सर्वांत जास्त गर्दी माळ्यावर होती. महाडात घराचा माळा म्हणजे घराची स्मरणशक्ती. पुराच्या भीतीनं वर गेलेली वस्तू खाली येतेच असं नाही. पाणी ओसरतं, चिखल निघतो, दिवाळी येते, आणि वर नेलेल्या वस्तूशिवाय आपलं अडलं नाही हे तोवर लक्षात आलेलं असतं. मग ती वरच राहते. आमच्या माळ्यावर अशी चाळीस पावसाळ्यांची साय जमली होती आणि तिच्यावर, अगदी दर्शनी भागात, ह्यांची स्मृतिचिन्हं.

आमचे हे मुख्याध्यापक होते. निवृत्त झाले आणि अध्यक्ष झाले. कशाचे, ते महत्त्वाचं नाही. नाते गावापासून पोलादपुरापर्यंत क्रिकेटचे सामने, वधूवर मेळावा किंवा मोफत चष्मेवाटप असं काही ठरलं की मंचावर मधली खुर्ची ह्यांची. घरी येताना हातात शाल, श्रीफळ आणि एक जड खोका. नारळाची मी चटणी करत असे. शालींचा आणि खोक्यांचा मात्र उपाय नव्हता. खोक्यात ॲक्रिलिकचं जहाज असे, कधी मोर, कधी हात जोडलेली बाई, आणि खाली सोनेरी अक्षरांत ह्यांचं नाव. माणूस भला होता, हे मी पत्नी असूनही सांगते. पण मोठ्या पुराच्या वेळी पाणी पायरीला लागलं तेव्हा ह्यांनी पहिल्यांदा काय उचललं, तर स्मृतिचिन्हं. तीन खेपा केल्या. मी खालून ओरडले, "अहो, तांदूळ!" तर वरून उत्तर आलं, "तांदूळ परत मिळतील!"

मी तेव्हा हसले होते आणि नंतर कित्येक वर्षं ही गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगितली. आता सांगत नाही.

शाली काढणं सोपं गेलं. एकेक करून मी त्या वाटल्या. कामवाल्या मावशींना दोन, दूधवाल्याच्या आईला एक, देवळात चार. मानाच्या शालीत ऊब नसते, ती पांघरूण म्हणून कुणी वापरत नाही. त्यामुळे ती मिळालेल्या माणसानं पुढे कुणाचातरी सत्कार करणं एवढंच तिचं होऊ शकतं. आठ-दहा महिन्यांनी ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला. निवृत्त ग्रंथपाल म्हणून. खांद्यावर शाल पडली आणि तिच्या कोपऱ्यातला हळदीचा डाग मी ओळखला. तो माझ्याच हळदीचा होता. टाळ्या वाजत होत्या. मी नमस्कार केला.

हो, मी ग्रंथपाल होते. गावातल्या वाचनालयात पस्तीस वर्षं. आमच्या कामात एक शब्द आहे, निर्लेखन. फाटलेली, भिजलेली, वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं निवडायची, यादी करायची, दाखल नोंदवहीत त्यांच्यापुढे शेरा मारायचा आणि रद्दीत काढायची. नवीन माणसाला हे जमत नाही, त्याचा जीव तुटतो. मला जमायचं. पुस्तक हातात घेतलं, पाठ बघितली, मधलं एक पान बघितलं की माझा निर्णय झालेला असे. या हातोटीचा मला अभिमान होता.

आणि दुसरी गोष्ट, जी महाडच्या कुठल्याही ग्रंथपालाला माहीत असते. मोठ्या पुरात वाचनालयाचे खालचे तीन कप्पे गेले. पुस्तकांच्या विटा झाल्या, त्या आम्ही फावड्यानं काढल्या. पण त्याहून जास्त पुस्तकं पुढच्या सहा महिन्यांत गेली, सभासदांच्या घरी. ज्याच्याकडे म्हणून पुस्तक थकलं होतं तो काउंटरवर येऊन तोंड पाडून सांगे, "मॅडम, पुरात गेलं हो." त्यात टेकडीवरच्या वसाहतीतले एक गृहस्थ होते. त्यांच्या घरात पाणी शिरायचं तर आधी अर्ध्या कोकणाला पोहावं लागलं असतं. मी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. मी शेरा मारला. पुरात गेलेल्या गोष्टीबद्दल पुढे काही विचारायचं नाही, हे इथलं सौजन्य आहे. कारण खरोखर गेलेल्या माणसाला प्रश्न विचारण्याइतकं दुष्ट दुसरं काही नाही, आणि खरा कोण, खोटा कोण, ते चिखलात ओळखू येत नाही. त्या वर्षी महाडात हरवलेलं, विकलेलं, मोडलेलं, परत न केलेलं सगळं पुरात गेलं. मी मनातल्या मनात या लोकांची थट्टा केली.

सुनंदा गायकवाड तेव्हा आमच्या मागच्या गल्लीत राहत असे. नदीच्या बाजूला, भाड्याच्या एका खोलीत, आईवडिलांबरोबर. मूळ गाव कापडे. वडील भातगिरणीत कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी गायनपार्टीत गायचे. लग्नात, नामकरणात, मार्चमध्ये सत्याग्रहाच्या दिवशी तळ्यावर माणसांचा समुद्र लोटतो तेव्हा. गाणी स्वतः लिहीत. मी त्यांना ऐकलं नव्हतं. लाउडस्पीकर लागला की मी खिडकी लावून घेत असे, आणि लाउडस्पीकर सगळ्यांचे सारखेच वाईट असतात असं सांगून ही सवय निःपक्षपाती ठरवत असे.

सुनंदा आमच्या वाचनालयाची सभासद. कथाकादंबऱ्या न्यायची, वेळेवर आणून द्यायची, पान दुमडायची नाही. दर वर्षी मेअखेरीला ती एक पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन यायची. निळी, झाकणावर गंजाची नक्षी, कडीला नाडा बांधलेला. "मॅडम, पावसाळ्यापुरती." नवरात्रात येऊन घेऊन जायची. वडील वारले त्या वर्षीही आली. त्या वर्षी पेटी ठेवताना तिनं झाकणावर हात ठेवला आणि म्हणाली, "आबाच्या वह्या हायत. बाकी काय नाय." मग मोठा पूर आला, त्यांची खोली राहण्याजोगी उरली नाही, मायलेकी कापड्याला परत गेल्या. सुनंदाला तिथे अंगणवाडीत मदतनिसाचं काम मिळालं. पेटीचा विषय निघाला तेव्हा म्हणाली, "राहू दे तुमच्याकडेच. आमच्या घराला कौलं हायत, पण उंदीर लय. तुमच्याइतकी नीट कोण ठेवणार?"

आणि पेटी राहिली. पुढे जे राहतं ते दिसेनासं होतं.

गेल्या वर्षी हेच दिवस होते. गल्लीत असाच जिन्यांचा आवाज चालू होता. मला वाटलं, लोक वर नेताहेत तर आपण या निमित्तानं खाली आणावं. रोज एक वस्तू हा वेग कंटाळवाणा होऊ लागला होता. काढून टाकण्याची चटक लागते, ही गोष्ट त्या कपाटवाल्या बायका सांगत नाहीत. मी भंगारवाल्या दिलीपला बोलावलं. तो माळ्यावर चढला, मी खाली खुर्ची टाकून बसले आणि तो एकेक वस्तू दाखवी तसा हात हलवत राहिले. जुना स्टोव्ह, जा. पाळण्याच्या साखळ्या, जा. परीक्षेचे पेपर, जा. अर्ध्या तासात मी चाळीस वर्षांना वाट दाखवली. तोंडानं गाणं गुणगुणत होते, असं दिलीपनं नंतर सांगितलं.

मग निळी पेटी आली.

"हिच्यात फटीतनं वह्या दिसतायत, मॅडम. लोखंड वेगळं, रद्दी वेगळी करू?"

"बघू."

मी नाडा सोडला. आत वर्तमानपत्राची कव्हरं घातलेल्या सात लांब वह्या होत्या आणि डांबराच्या गोळ्यांचा जुना वास. वरची वही घेतली, पाठ बघितली, मधलं एक पान बघितलं.

"बघितलंत ना नीट?" दिलीपनं विचारलं. त्याच्या धंद्यात त्याला हे विचारावं लागत नाही. तरी त्यानं विचारलं.

"बघितलं," मी म्हणाले. "घेऊन जा."

दिवाळीनंतर सुनंदा आली. भाताची कापणी, झोडणी उरकली होती. तिनं पिशवीतून नव्या भाताचे पोहे काढून ओट्यावर ठेवले. दर वर्षी आणते. मी चहा टाकला. तिनं अंगणवाडीतल्या गमती सांगितल्या. एका साहेबांनी येऊन पोरांच्या वजनाचा काटा उद्घाटन करून कसा दिला आणि फोटो झाल्यावर तोच काटा पुढच्या गावात उद्घाटनाला कसा नेला, ते ती सांगत होती आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग ती म्हणाली, "मॅडम, यंदा पेटी घेऊन जाते. आईनं धोशा लावलाय."

"कसला?"

"गाण्यांचा. नव्वदी गाठली आता. दुपारची पडवीत बसते नि आबाचं एकेक गाणं सुरू करते. पहिली ओळ म्हणते नि थांबते. मी म्हणते, म्हण की पुढं. तर म्हणते, पुढचं वहीत हाय." सुनंदा हसली. "सारखं तेच. पुढचं वहीत हाय. म्हटलं, आणून वाचून दाखवते एकदा सगळी, म्हणजे गप बसेल."

चहा उकळून वर आला. मी गॅस बारीक केला. पाठमोरी होते, म्हणून ते जमलं असावं.

"अगं, सुनंदा," मी म्हणाले, "ती पेटी पुरात गेली."

मी कप भरले, वळले. ती ओट्यावरच्या पोह्यांकडे पाहत होती. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "असू दे, मॅडम. तुमचं तरी किती गेलं तेव्हा."

तिनं चहा घेतला. स्वतःचा कप विसळून पालथा घातला. दारात चपला घालताना माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मला आठवलं नव्हतं. मग आठवलं. पुराच्या तिसऱ्या दिवशी, स्वतःची खोली चिखलानं भरलेली असताना, सुनंदा फावडं घेऊन आमच्याकडे आली होती. दिवसभर तिनं आमचा तळमजला उपसला. दुपारी आम्ही वर चहा प्यायलो. कोरडी खुर्ची एकच होती, ती मी घेतली. सुनंदा निळ्या पेटीवर बसली. पाण्यात गेलेल्या पेटीवर नव्हे, पाणी न लागलेल्या पेटीवर, पाय हलवत. आणि "राहू दे तुमच्याकडेच" हे तर ती त्यानंतर म्हणाली होती.

म्हणजे माझं खोटं तिला ऐकता ऐकताच कळलं होतं. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून बरोबर घेऊन गेली. मी टेकडीवरच्या गृहस्थांकडे निदान चष्म्यावरून पाहिलं तरी होतं. तिनं तेवढंही केलं नाही.

मग मी दिलीपकडे गेले. तो पत्र्याच्या शेडमध्ये बाटल्या निवडत होता. वह्या म्हटल्यावर त्यानं हात वर केले. रद्दी त्याच्याकडे पंधरा दिवसांच्या वर राहत नाही. ट्रकनं जाते, पुढे कारखान्यात तिचा लगदा होतो, नवे पुठ्ठे होतात. "मी तुम्हाला विचारलं होतं, मॅडम," तो म्हणाला. तक्रार म्हणून नाही. नुसतं नोंद म्हणून.

अपराधी वाटलं की अन्नावरची वासना जाते असं मी अनेक पुस्तकांत वाचलं होतं. माझी गेली नाही. ते पोहे मी महिनाभर डब्यात ठेवले आणि नंतर खाल्ले. चांगले होते. झोपही येत असे. सुचायचं मात्र बरंच. विसर पडला, असं मी स्वतःला सांगत असे. या वयात पडतो. इतकं सामान, त्यात एक पेटी. अनघाला फोनवर सांगितलं तेव्हा तीही म्हणाली, "आई, तू मुद्दाम थोडंच केलंस? किती गिल्टी वाटून घेशील?" मला हे ऐकायचंच होतं म्हणून मी तिला अर्धंच सांगितलं होतं.

उरलेलं असं. वहीच्या पहिल्या पानावर नाव होतं. सखाराम धोंडू गायकवाड, मुक्काम कापडे. निळ्या शाईत, खाली दुहेरी रेघ. मी ते वाचलं. सुनंदाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आणि मनात आलं, इतकी वर्षं नेली नाही, म्हणजे नको असेल. वाचनालयात मी हजारो पुस्तकं याच न्यायानं काढली होती. त्याच ढिगात ह्यांचं एक जहाज चुकून आलं होतं, खाली नाव कोरलेलं. ते मात्र मी दिलीपच्या हातातून परत घेतलं. म्हणाले, "नाव आहे त्याच्यावर. भंगारात कसं द्यायचं?" हे वाक्य मी उच्चारलं, वहीवरचं नाव वाचल्यानंतर पाच मिनिटांच्या आत.

मानसन्मानाच्या हौसेची मी आयुष्यभर टिंगल केली. ह्यांच्या तीन खेपा मला पाठ होत्या. कुणाचं नाव सांभाळायचं आणि कुणाचं नाही, याची यादी माझ्याकडे ह्यांच्यापेक्षा पक्की होती, फक्त ती मला मंचावर म्हणून दाखवावी लागली नव्हती.

परवा गल्लीत पुन्हा पलंग सरकला. समोरच्या घरातली सून एक बोचकं घेऊन आली. "काकू, तुमचा माळा रिकामा झालाय म्हणे. पावसाळ्यापुरतं ठेवाल?" मी बोचक्याकडे पाहिलं. गाठ घट्ट होती. मी म्हणाले, "माझ्याकडे नको ठेवूस." ती हिरमुसली. तिला वाटलं, म्हातारी आखडली. आणि मी पायात चपला सरकवल्या, कारण आता घरात बसून राहणं शक्य नव्हतं.

पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे कापड्याला रिक्षा. रिक्षात मी तीन वाक्यं तयार केली. भाषेवर आयुष्य घालवलेल्या माणसाची खोड. पहिल्या वाक्यात कबुली, दुसऱ्यात खेद, तिसऱ्यात "अक्षम्य" हा शब्द. डोंगराच्या उतरणीवरची शेतं भाजून काळी झालेली होती, पेरणीची वाट बघत. वाक्यं मला बरी वाटली.

सुनंदा अंगणात पावसाळ्याची लाकडं रचत होती. पडवीत तिची आई, अनुसयाआजी, सूप मांडीवर घेऊन वाल निवडत होती.

"मॅडम? उन्हाच्या कशाला आलात? बसा. पाणी आणते."

"पाणी नको. सुनंदा, ती पेटी पुरात गेली नव्हती."

ती लाकडं रचत राहिली. "ठाऊक हाय."

"मी गेल्या वर्षी भंगारात दिली."

आता तिचा हात थांबला. हे तिला ठाऊक नव्हतं. पेटी कुठेतरी असेल, मी काहीतरी कारणानं देत नसेन, असं तिनं धरलं असावं. तिनं एक लाकूड उचललं, त्याची साल नखानं काढत राहिली.

"कुणाची हाय ते माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

तिसरं वाक्य तयार होतं. ते तोंडात आलं आणि मला त्याची लाज वाटली. ते गिळून मी तिच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडं बघून काय उपयोग, मॅडम," सुनंदा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "वह्या आईच्या. तिला सांगा. मी तिला पुरात गेल्या म्हणून सांगितलंय, तुमच्या शब्दावर. आणि मोठ्यानं सांगा, तिला ऐकू येत नाय."

मी पडवीच्या पायरीवर बसले. "आजी, वह्या पुरात नाही गेल्या."

"आं?"

"पुरात नाही गेल्या!"

"कोन गेलं?"

"वह्या! मी दिल्या!"

"कुनाला दिल्या गो?"

"भंगारवाल्याला!"

शेजारच्या अंगणात हंडा घेऊन चाललेली बाई थबकली. "काय झालं गो, सुनंदे?"

"काय नाय. मॅडमनी आबाच्या वह्या रद्दीत घातल्या, ते सांगतायत."

"अगो बाय!" तिनं हंडा खाली ठेवला. आणखी एक दार उघडलं.

आजीचे हात सुपातच होते. तिनं वालाचा एक दाणा दोन बोटांत धरला, फिरवला, परत टाकला.

"म्हंजे पान्यात नाय गेल्या?"

"नाही!"

"सुक्या गेल्या?"

"हो, सुक्याच!"

मग आजीचा चेहरा सैल झाला, आणि ते पाहणं मला सर्वांत कठीण गेलं. "बरं झालं बाय. मला वाटायचं, अक्षरं धुवून गेली. डोळं मिटलं की पानी दिसायचं." ती माझ्याकडे वाकली. "सुक्या गेल्या म्हंजे कुनी वाचल्या असतील. दुकानदार काय, गिऱ्हाईक काय. पुडी सोडताना मानूस वाचतंच. वाचल्या असतील ना गो कुनी?"

ट्रक, कारखाना, लगदा. सुनंदा माझ्याकडे पाहत होती. खरं सांगायला आले होते आणि खरं सांगवत नव्हतं. आणखी एक खोटं घालणंही नको होतं. मग मी ते सांगितलं, जे आजवर कुणालाच सांगितलं नाही, इथे लिहितानाही मघाशी गाळलं.

"मी वाचल्या!" मी ओरडले. "चार ओळी वाचल्या! देण्याआधी!"

"तू?"

"हो!"

"कशा हुत्या?"

"चांगल्या होत्या, आजी!"

हे खरं आहे. मधलं पान उघडलं तेव्हा चार ओळी वाचल्या, क्षणभर थांबले, पुन्हा एकदा वाचल्या. ग्रंथपाल दुसऱ्यांदा वाचत नाही. मी वाचल्या, आणि वही मिटून दिलीपकडे दिली.

आजी हसली. तोंडात दात नव्हते. तिनं सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात टेकून नीट बसली. "म्हन की मग."

सुनंदानं लाकूड खाली ठेवलं. हंड्यावाली बाई पडवीपाशी आली.

मी तोंड उघडलं. ताल आठवत होता, निळी शाई आठवत होती, ओळी सुबक होत्या हे आठवत होतं. शब्द एकही नव्हता. मी तशीच तोंड उघडं ठेवून बसले होते.

आजीनं कानामागे हात धरला आणि आणखी पुढे वाकली.

"मोठ्यानं म्हन गो," ती म्हणाली. "ऐकू येत नाय."